दादा म्हणतो लोकशाही कॅथलिक नाही, मी काय बोलू?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय.

"मॅडम, नमस्कार. मी वसईची, वय २६, अंधेरीला नोकरी. आमचा दादा (मोठ्या काकांचा मुलगा, पण वाढलो एकाच घरात) सहा वर्षं दुबईला आहे. लॉकडाऊनपासून तो यूट्यूबवर कुठल्यातरी अमेरिकन कॅथलिक लोकांचे व्हिडिओ बघतो. आता म्हणतो लोकशाही हे फ्रेंच राज्यक्रांतीचं पिल्लू आहे, सत्य काय मतदानाने ठरतं का, खऱ्या कॅथलिकाने कॅथलिक राज्यच मागितलं पाहिजे, सालाझारचा पोर्तुगाल बघ. मागच्या निवडणुकीला सुट्टीवर घरी होता तरी मत द्यायला गेला नाही. मी चिडून वाचायला घेतलं, मारितँ, मरे, स्तुर्झो, अॅक्टन, आणि उलट जास्तच गोंधळ झाला, कारण लोकशाहीच्या बाजूचे हे सगळे कॅथलिक एकमेकांशीच सहमत नाहीत. दादा हसून म्हणाला, बघ, तुमच्यात एक उत्तर नाही, आमच्यात आहे. नाताळला तो येतोय. बाबा म्हणतात विषयच काढायचा नाही. मी काय करू, आणि यातलं बरोबर कोणाचं? – गोंधळलेली"

अगं गोंधळलेले,

भावाशी भांडायला म्हणून जी मुलगी मारितँ वाचते तिला माझ्याकडून आधी एक ताटली गरम तळलेले फुगे, नाताळचे. मी तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि परीक्षेसाठीसुद्धा कोणी मारितँ उघडलेला मला आठवत नाही.

दादाचं "तुमच्यात एक उत्तर नाही" हे तुला लागलंय ना, मग तिथूनच सुरू करू. तो बरोबर बोलतोय. एक उत्तर नाहीच, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की या लोकांची उत्तरं काही ठिकाणी एकमेकांना सरळ कापतात. तू बहुतेक काय केलंस सांगू? चौघांचे मुद्दे एकाच पातेल्यात टाकलेस आणि दादापुढे ओतलेस, मग मारितँने त्याला जरा हलवलं की मरेने परत उभं केलं, मरेने गप्प केलं की अॅक्टनने तोंड उघडून दिलं. प्रत्येक जण वेगळ्या माणसाशी भांडत होता, वेगळ्या गोष्टीला घाबरत होता, आणि प्रत्येकाने सत्तेचा हात स्वतःच्या गालावर खाल्लेला होता. ते नीट कळलं की कोणाचं कधी काढायचं ते आपोआप कळतं.

मारितँ बघ. जाक मारितँ, पॅरिसचा, प्रोटेस्टंट घरातला, बायको राइसा रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली, दोघं १९०६ मधे कॅथलिक झाले. आणि त्यानंतर बरीच वर्षं हा माणूस अॅक्शन फ्रान्सेज नावाच्या राजेशाहीवाल्या चळवळीच्या अगदी जवळ होता, म्हणजे आत्ता तुझा दादा जिथे उभा आहे साधारण तिथेच. त्या चळवळीचा मेंदू होता शार्ल मोरास. हा स्वतः श्रद्धा न मानणारा, पण चर्च मात्र हवं, का तर चर्च असलं की लोक शिस्तीत राहतात, राष्ट्र एक राहतं. ख्रिस्त नको आणि ख्रिस्ताचा दरारा हवा, असलं प्रकरण! १९२६ च्या डिसेंबरात पोप अकरावे पायस यांनी या चळवळीवर बंदी घातली, तिचं वर्तमानपत्र कॅथलिकांनी वाचायचं नाही म्हणून सांगितलं. मारितँला धक्का बसला, पण तो पोपच्या बाजूने उभा राहिला आणि मग पुढची वीस वर्षं त्याने स्वतःचंच जुनं डोकं खरवडून काढलं. लोकशाहीचे वकील खूप असतात गं, पण आधी पलीकडे राहून आलेला वकील कमी मिळतो, म्हणून दादाला मारितँच्या पुस्तकांच्या आधी त्याची ही गोष्ट सांग.

१९४० मधे फ्रान्स पडलं तेव्हा मारितँ नवराबायको अमेरिकेत होते, परत जाता येईना, राइसा ज्यू घरातली, उघडच आहे. न्यूयॉर्कला बसून त्याने ख्रिस्ती धर्म आणि लोकशाही यावरचं ते छोटं पुस्तक लिहिलं, जे १९४३ ला छापलं. मुद्दा असा, की लोकशाहीमागची मूळ प्रेरणा शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या शिकवणीतून आली, पण चर्चच्या दारातून नाही आली. शुभवर्तमान हे पिठातल्या खमिरासारखं शेकडो वर्षं लोकांच्या मनात काम करत राहिलं आणि त्यातून माणसाची किंमत, सगळे समान, सत्ताधाऱ्यालाही कायदा लागू, हे उगवलं. आणि मग तो असं एक वाक्य लिहितो की कॅथलिक माणसाने खाली मान घालावी: फ्रान्समधे माणसाच्या हक्कांची घोषणा करायचं काम श्रद्धावंत कॅथलिकांच्या वाट्याला आलं नाही, ते बुद्धिवाद्यांनी केलं, अमेरिकेत गुलामगिरीवर शेवटचा घाव प्युरिटनांनी घातला. म्हणजे खमीर आपलं आणि भाकरी दुसऱ्यांनी भाजली, आपण चुलीपाशी उभे राहून धुराची तक्रार करत होतो.

मला हे फार आवडतं. पण दादासमोर सगळ्यात आधी हेच काढशील तर फसशील. तो लगेच म्हणेल, बघ, तुझाच मारितँ म्हणतो शुभवर्तमानाशिवाय लोकशाही उभी राहत नाही, मग आधी शुभवर्तमानाचं राज्य आणा. आणि वर पोप दुसरे जॉन पॉल यांचं १९९१ चं परिपत्रक दाखवेल, ज्यात मूल्यं नसलेली लोकशाही सहज उघड किंवा छुप्या हुकूमशाहीत बदलते असं लिहिलंय. (त्याच परिच्छेदाची सुरुवात चर्चला लोकशाही व्यवस्थेची कदर आहे अशी आहे, कारण लोकांना सहभागी होता येतं आणि राज्यकर्ते शांतपणे बदलता येतात. व्हिडिओवाले ती सुरुवात कापतात. मोबाईलवर पूर्ण परिच्छेद तयार ठेव.)

आता मरे. जॉन कोर्टनी मरे, न्यूयॉर्कचा जेझुइट (येशूसंघाचा) धर्मगुरू, वुडस्टॉकच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवायच्या शाळेत शिकवायचा. त्याच्यापुढे मोरास नव्हता, त्याच्यापुढे स्वतःच्या चर्चचं एक अडचणीचं गणित होतं. त्या काळात सेमिनरीत शिकवायचे की चुकीला हक्क नसतात, म्हणून कॅथलिक जिथे बहुसंख्य तिथे राज्याने कॅथलिक धर्मालाच मान्यता द्यावी, बाकीच्यांना फार तर खपवून घ्यावं. आणि जिथे कॅथलिक अल्पसंख्य? तिथे मात्र आपल्याला पूर्ण धर्मस्वातंत्र्य पाहिजे. अमेरिकन प्रोटेस्टंट साहजिकच विचारायचे, म्हणजे तुमची संख्या वाढेपर्यंतच आम्ही शेजारी का? मरेला या दुटप्पीपणाची लाज वाटायची, आणि ती वाटलीच पाहिजे.

त्याने जे उत्तर काढलं ते मारितँच्या मानाने कोरडं आहे, पण फार पक्कं आहे. राज्याला धर्मातलं सत्य ठरवायची पात्रताच नाही. आता यात सत्य नसतं असं तो कुठेही म्हणत नाही, तो पक्का कॅथलिक, कॅथलिक धर्म खरा आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. तो एवढंच म्हणतो की हे काम सरकारच्या खात्यात येत नाही. तलाठ्याने सात-बारा द्यावा, कोणाचा आत्मा तरला हे सांगू नये. अमेरिकेच्या राज्यघटनेत धर्माबद्दल जी कलमं आहेत त्यांना तो श्रद्धेची कलमं म्हणत नाही, शांततेची कलमं म्हणतो. वेगळ्या श्रद्धेची माणसं एका गावात एकमेकांचे गळे न धरता राहावीत म्हणून केलेला शहाणा करार. अनेक धर्म असणं ही देवाची इच्छा नाही, असं तो स्पष्ट लिहितो (हे दादाला वाचून दाखव, तो खूश होईल), आणि लगेच पुढे लिहितो की पण माणसाची स्थिती तीच आहे, इतिहासाच्या संहितेतच ती लिहिलेली आहे.

आता मारितँ आणि मरे एकमेकांना कुठे कापतात ते दिसलं का? मारितँला लोकशाहीत शुभवर्तमानाची चव लागते. मरे म्हणतो बाबांनो तिला देव्हाऱ्यात बसवू नका, ती करारपत्र आहे, करारपत्रावर अगरबत्ती लावली की उद्या कोणीतरी त्याच्या नावाने दुसऱ्याला बडवेल. अजून मजा म्हणजे मारितँ स्वतः पुढे मरेच्या बाजूला थोडा सरकलेला दिसतो. १९४७ मधे युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना मानवी हक्कांबद्दल विचारलं होतं. त्यात गांधीजींचं छोटंसं पत्र होतं, की माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून मी शिकलो, हक्क हे नीट केलेल्या कर्तव्यातून येतात. नागपूर विद्यापीठातले प्रा. एस. व्ही. पुणतांबेकर यांनी हिंदू दृष्टीतून एक निबंध दिला होता. या संग्रहाला प्रस्तावना मारितँची, आणि त्यात तो एक प्रसंग सांगतो: इतक्या टोकाच्या विचारांची माणसं एका यादीवर कशी सहमत झाली याचं कोणाला आश्चर्य वाटलं, तेव्हा उत्तर मिळालं, हो, हक्कांवर आमचं एकमत आहे, फक्त का म्हणून ते विचारू नका. पुणतांबेकर, गांधी आणि एक फ्रेंच कॅथलिक एका जिल्दीत! माझ्या वर्गात मी हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पण मान वर करायचे.

आणि मरेला याची किंमत काय पडली ते ऐक. १९५५ च्या सुमाराला वरून आदेश आला की चर्च आणि राज्य या विषयावर लिहिणं बंद. त्याने गुपचूप त्या विषयाची पुस्तकं खोलीतून काढून लायब्ररीला परत केली. भांडला नाही, चर्च सोडलं नाही, चॅनल काढलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या बिशपांच्या सभेच्या) पहिल्या सत्राला त्याला बोलावलंसुद्धा नव्हतं, १९६३ ला न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी तज्ज्ञ म्हणून नेलं, आणि ७ डिसेंबर १९६५ ला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला, ज्याच्या मसुद्यावर याचाच हात होता. हो, मतांनी. बिशपांनी मतदान केलं. सत्य मतदानाने ठरत नाही म्हणणाऱ्याला हा आकडा हळूच सांग, खवचटपणे नको.

खरंतर या मुद्द्यावर दादा एका काल्पनिक माणसाशी भांडतोय. मतदानाने सत्य ठरतं असं यातला एकही माणूस म्हणत नाही. मारितँचाच शिष्य होता ईव्ह सिमाँ, त्याचं १९५१ चं पुस्तक जरा जड आहे म्हणून तू वाचू नकोस, पण त्याचा एक मुद्दा उचल. तो म्हणतो सगळी माणसं शहाणी आणि सज्जन असली तरी सत्ता लागतेच, कारण चांगलं काम करायचे दहा चांगले रस्ते असतात आणि सगळ्यांनी मिळून एकच धरायचा असतो. मतदानाने हा रस्ता ठरतो, आणि रस्ता दाखवणाऱ्याला किती दिवस ठेवायचं ते ठरतं. दोन अधिक दोन किती हे त्यात ठरत नाही, येशू देव आहे का हेही नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीचं पिल्लू म्हणतो ना? मग त्याला त्या क्रांतीच्याही पावणेदोनशे वर्षं मागे घेऊन जा. राजाची सत्ता थेट देवाकडून येते असं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स म्हणत होता, तेव्हा त्याला उत्तर कोणी दिलं, तर रॉबर्ट बेलार्मिन आणि फ्रान्सिस्को सुआरेझ, दोघं जेझुइट. सत्ता देवाकडून येते हे खरं, पण ती आधी अख्ख्या समाजाकडे येते आणि समाज ती राज्यकर्त्याला देतो, असं त्यांचं म्हणणं. सुआरेझचं १६१३ चं पुस्तक लंडनला जाळलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पण. बेलार्मिन तर आज संत आहे. आता हे दोघं आपल्या अर्थाने लोकशाहीवादी अजिबात नव्हते, तसं सांगायला जाऊ नकोस, दादा पकडेल. एवढंच सांग की राजा म्हणजे थेट देवाचा माणूस ही कल्पना तेव्हा एक प्रोटेस्टंट राजा जोराने मांडत होता, आणि तिला सुरुंग लावणारे आपले होते.

सालाझारवर मी जरा थांबणार आहे कारण तिथे माझं रक्त तापतं. लिस्बनचे सुंदर काळेपांढरे फोटो आणि मागे ऑर्गन वाजतोय, असे व्हिडिओ मीही बघितलेत. अंतोनियू सालाझार सेमिनरीत शिकलेला, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाणारा, १९३२ पासून १९६८ पर्यंत पंतप्रधान, हे सगळं खरं. पण अमेरिकेतल्या पोराने त्याच्यावर प्रेम करणं वेगळं आणि वसईच्या पोराने करणं वेगळं, कारण सालाझारचं राज्य आपल्या शेजारी गोव्यात होतं. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, गोव्याच्याच कॅथलिक घरातला माणूस, त्याला १९४६ ला पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात टाकलं, का तर सभेत बोलला. ना. ग. गोरे, मधु लिमये हे आपल्याकडून सत्याग्रहाला गेलेले, त्यांना मार आणि तुरुंग. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. आणि हे फक्त परधर्मीयांना किंवा वसाहतीतल्या लोकांना होतं असं दादाला वाटत असेल तर पोर्तो शहराच्या बिशपांची गोष्ट सांग. बिशप अंतोनियू फेरेरा गोमेस यांनी १९५८ मधे सालाझारला पत्र लिहिलं, गरिबीबद्दल, संप करायच्या आणि संघटनेच्या हक्कांबद्दल. १९५९ पासून दहा वर्षं त्या बिशपांना स्वतःच्या धर्मप्रांतात पाऊल टाकता आलं नाही. कॅथलिक राज्यात बिशप हद्दपार! यावर दादाकडे काय उत्तर आहे मला खरंच ऐकायचंय, कळव.

इथे इंग्रज इतिहासकार लॉर्ड अॅक्टन आठवतो. सत्ता माणसाला भ्रष्ट करते आणि निरंकुश सत्ता पूर्ण भ्रष्ट करते, हे त्याचं वाक्य आपण नेत्यांवर फेकतो. पण १८८७ च्या ज्या पत्रात ते आहे, ते पत्र क्रायटन या अँग्लिकन इतिहासकाराला लिहिलेलं आणि विषय आहे पोप! क्रायटनने जुन्या पोपांना फार सांभाळून लिहिलं म्हणून हा कॅथलिक उमराव चिडला होता, की मोठ्या पदावरच्या माणसाला वेगळी फूटपट्टी का लावता. अॅक्टनचा मुद्दा मारितँच्या एकदम उलटा: माणूस किती मोठा आहे ते राहू दे, माणूस किती घसरतो ते बघ, आणि म्हणून सत्ता वाटून टाक. मूळ पापाची शिकवण मानणाऱ्याला हे लगेच पटायला हवं. पण अॅक्टनला डोक्यावर घेऊ नकोस हं. त्याला बहुमताचीच इतकी धास्ती होती की अमेरिकन यादवी युद्धात त्याची सहानुभूती गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडे होती, दक्षिण हरल्यावर तिचा सेनापती जनरल ली याला त्याने हळहळून पत्र लिहिलंय. लोकशाहीचा वकील म्हणून त्याला कोर्टात उभा केलास तर उलटतपासणीत पडेल. फक्त साक्षीदार म्हणून बोलव आणि लवकर खाली बसव.

आता तुझा खरा प्रश्न, बरोबर कोणाचं. कागदावर मला मरे पटतो, आणि त्याचं कारण आपण इथे राहतो हे आहे. आपण या देशात मूठभर. चुकीला हक्क नसतात हे तत्त्व इथे लागू झालं तर चूक कोणाची ठरेल, दादा? संविधान सभेत मद्रासचे फादर जेरोम डिसूझा, जेझुइटच, बसलेले होते, तिथे ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला, आणि कलम २५ मधे धर्म पाळायच्या बरोबर प्रचार करायचा हक्कही राहिला. हे शांततेचं कलमच आहे की. मरेने ते पुस्तकात मांडलं १९६० ला, आपण त्याच्या दहा वर्षं आधीपासून त्यावर जगतोय. आणि दादा दुबईचं उदाहरण देईल, मला माहितीये, की तिथे राजा आहे आणि चर्च मस्त चालतं, मिस्सेला पाय ठेवायला जागा नसते. खरं आहे, शेखांनी जमीन दिली, चांगुलपणाच केला. पण त्याला विचार की ती मेहेरबानी आहे का हक्क आहे, आणि इथे आपल्या गावातल्या चर्चबद्दल त्याला दोन्हीपैकी काय चालेल.

पण जेवणाच्या टेबलावर मी मरे काढणार नाही, स्तुर्झो काढेन. डॉन लुइजी स्तुर्झो, सिसिलीतल्या काल्ताजिरोने गावचा धर्मगुरू. हा माणूस तत्त्वज्ञानाच्या आधी नगरपालिकेत बसला, १९०५ पासून १९२० पर्यंत गावचा कारभारी. धर्मगुरूला महापौर होता येत नाही म्हणून कागदोपत्री उपमहापौर, पण गाव तोच चालवायचा. आणि हे कधी, तर पोपनेच इटालियन कॅथलिकांना सांगून ठेवलेलं की देशाच्या निवडणुकीत मत देऊ नका, कारण १८७० ला इटलीच्या राज्याने रोम घेतलं होतं. म्हणजे दादाने मत न देणं हा काही नवा पराक्रम नाही, आपल्याकडे तो पन्नास वर्षं अधिकृत होता! त्यातून काय मिळालं? कॅथलिक घरात बसले आणि देश त्यांच्याशिवाय चालला. १९१९ ला स्तुर्झोने पक्ष काढला, मुद्दाम नावात कॅथलिक नाही, चर्चचा पक्ष नाही, सगळ्यांसाठी खुला, आणि त्याच वर्षी शंभर जागा आणल्या.

त्याचं म्हणणं असं की लोकशाही म्हणजे दिल्ली-मुंबई (त्याच्यासाठी रोम) नव्हे. माणूस आणि सरकार यांच्या मधे जे जे काही असतं, कुटुंब, गाव, पतपेढी, युनियन, शाळा, धर्मग्राम, ते जिवंत राहणं आणि सरकारने ते गिळू नये हे बघणं, ही लोकशाही. मुसोलिनी आला तेव्हा त्याला हा साधा धर्मगुरू नको झाला. २५ टक्के मतं मिळवणाऱ्या सगळ्यात मोठ्या गटाला दोन तृतीयांश जागा देणारा कायदा आणला, स्तुर्झो विरोधात उभा राहिला, आणि व्हॅटिकननेच दबाव आणून त्याला १९२३ ला पक्षाचं पद सोडायला लावलं. पुढच्या वर्षी देश सोडला, लंडन, मग न्यूयॉर्क, परतला तो १९४६ ला. बावीस वर्षं. रोज मिस्सा करत राहिला.

हे टेबलावर का चालेल सांगते. तुझा दादा वसईचा आहे. गावं महानगरपालिकेत घ्यायची का नाहीत यावरून आपल्याकडे काय रणं पेटली ते त्याने लहानपणी पाहिलंय, बहुतेक त्याच्या वडिलांच्या खांद्यावर बसून मोर्चाही बघितला असेल. हिरवी वसई वाचवा म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले होते, ते कोणाचं कॅथलिक राज्य आणायला नव्हे, विहिरी आणि केळीच्या बागा वाचवायला, आणि बरोबर सगळ्या जातीधर्माची माणसं होती. स्तुर्झोने काल्ताजिरोनेत केलं त्याचंच हे वसईचं रूप. दादाला स्तुर्झोचं नावही सांगू नकोस सुरुवातीला. त्याला विचार, काका तेव्हा मोर्च्याला का गेले होते?

आणि जिथे तो बरोबर आहे तिथे हो म्हण. पैसे वाटून मतं घेतात, हो. चांगला माणूस निवडून येत नाही, बऱ्याचदा हो. चर्चनेच एकेकाळी लोकशाहीला शिव्या घातल्या, पोपने १८६४ ला चुकीच्या मतांची यादी काढली तीत उदारमताशी समेट नाही असं आहे, हो बाबा आहे. आपल्या लोकांनी लोकशाही नीट पाळली नाही हेही खरं, १९५९ ला केरळात निवडून आलेलं सरकार पाडायच्या आंदोलनात चर्च पुढे होतं, आणि माझ्या लहानपणी एका धर्मगुरूंनी प्रवचनातून उमेदवाराचं नाव सांगितलं तेव्हा माझे वडील मिस्सेतून उठून बाहेर विहिरीपाशी जाऊन बसले होते, कम्युनियनला परत आले. घरी येऊन एवढंच म्हणाले, माझं मत माझ्या कन्फेशनसारखं आहे, त्यात दुसऱ्याचं काम नाही. त्यांनी यातलं कोणाचंच नाव ऐकलेलं नव्हतं.

बाबांचं अर्धं ऐक. नाताळच्या जेवणाला विषय नको, इंद्याल थंड होतं आणि काकू रडतात. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी त्याला स्कूटरवर घेऊन बीचवर जा, दोघंच. आधी विचार तिथे दिवस कसा जातो, खोलीत कोण कोण असतं. सहा वर्षं माणूस लेबर कायद्याच्या कडेकडेने जगतो, नोकरी गेली की व्हिसा गेला, कुठेच त्याच्या शब्दाला किंमत नाही, अशा वेळी रात्री दोन वाजता कोणीतरी स्क्रीनवरून सांगतं की तू एका हजार वर्षांच्या साम्राज्याचा वारस आहेस, तर कोणाला बरं वाटणार नाही? त्याच्या खोलीत एखादा मल्याळी मुसलमान किंवा नेपाळी हिंदू नक्की असेल, आजारपणात ज्याने याला पेज करून दिलीय. त्याचं कॅथलिक राज्य आलं की या रूममेटचं काय होणार, एवढा एक प्रश्न विचार आणि गप्प बस. उत्तर द्यायची घाई त्याला करू दे.

अजून एक, आणि हे मी पुस्तकातून नाही, इतकी वर्षं पोरांची कारणं ऐकून सांगतेय. तो मत द्यायला गेला नाही म्हणतेस, पण त्याचं नाव यादीत होतं का? बाहेरगावी गेलेल्यांची नावं यादीतून उडतात, माणूस केंद्रावर जाऊन हात हलवत परत येतो, आणि घरी ते सांगण्यापेक्षा तत्त्वज्ञान सांगणं सोपं जातं. परदेशी राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला ६ए नंबरचा फॉर्म भरून नाव लावता येतं, मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं. ऑनलाइन भरता येतो. नाताळच्या आधी त्याचं नाव यादीत शोधून ठेव, आणि सापडलं नाही तर त्याला बोलू नकोस, फॉर्म फक्त त्याच्या फोनवर पाठव.